मधली दीड वर्षं

मुलाखत चांगली चालली होती. इतकी चांगली, की तिला भीती वाटायला लागली.

समोरच्या मेट्रनबाई तिच्याहून थोड्याच मोठ्या, बोलायला मोकळ्या. ऑपरेशनच्या पेशंटचा वॉर्ड वर्षानुवर्षं सांभाळलेली नर्स आपल्या पायांनी चालत आली, म्हणून त्या खूश होत्या. “आमच्याकडे येतात त्या पोरींच्या हातात बेडपॅन दिलं, तर विचारतात, हे कोणाचं काम?” असं म्हणून त्या हसल्या. तीही हसली. मग बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, बोट कागदावरून खाली आणलं आणि सहज विचारलं, “मधली ही दीड वर्षं काय करत होतात?”

येताना बसमध्ये तिने उत्तर घोकलं होतं. ते सगळं विसरून ती म्हणाली, “उपचार घेत होते. मला दुखण्यावरच्या इंजेक्शनांचं व्यसन लागलं होतं. आता मी घेत नाही. परवाना परत मिळालाय, पण अटी आहेत. तसली औषधं सध्या मी हाताळायची नाहीत, आणि अधूनमधून तपासणी द्यायची.”

मेट्रनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, “बरं झालं खरं सांगितलंत. आम्ही कळवू.”

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पेशंटच्या बायका काचेच्या दारापाशी अडवून “बरे होतील ना हो?” असं विचारायच्या, तेव्हा ती स्वतः याच आवाजात सांगायची, “डॉक्टर येतील, ते सांगतील.” तिने पाणी संपवलं, आभार मानले आणि ती घरी आली.

घरी सासूबाई होत्या. घरात आता दोघीच. नवरा गेला होता. म्हणजे तसा कुठेतरी होता, ठणठणीत होता, पण बायकोने हॉस्पिटलातली औषधं चोरली हे कळल्यावर बॅग भरून निघून गेला होता. जाताना आईला म्हणाला, चल. आई म्हणाली, “तू हो पुढे.” तो पुढे झाला आणि आई मागेच राहिली. लोकांनी विचारलं, तर सासूबाई सांगायच्या, “त्याच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही माझ्या.” खरं कारण त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सुनेलाही नाही.

“झालं?” त्यांनी दारातच विचारलं.

“कळवतो म्हणाले.”

“तू सांगितलंस?”

“सांगितलं.”

“हात दाखवून अवलक्षण!” सासूबाई खुर्चीवरून उठायला लागल्या आणि गुडघ्याने त्यांना परत बसवलं. त्यांच्या गुडघ्यांच्या गोळ्या साध्याच होत्या, तरी सून घरी परत आल्यापासून त्या लपवून ठेवायच्या. कधी तांदळाच्या डब्यात, कधी शिवणाच्या पेटीत, कधी जुन्या बुटात. जागा रोज बदलायच्या आणि स्वतःच विसरायच्या. मग सून बूट आणून समोर ठेवायची. दोघीही त्याबद्दल बोलत नसत.

सुरुवात पाठीपासून झाली होती. एका जाडजूड पेशंटला खाटेवर ओढून घेताना तिच्या कमरेत लचक भरली, ती भरलीच. रजा मिळेना, दुखणं थांबेना. वॉर्डात पेशंटला औषध दिल्यावर कधी अर्धं उरायचं. ते टाकून द्यायचं आणि टाकलं म्हणून दोन नर्सनी सही करायची, असा नियम. एकदा तिने ते टाकलं नाही. त्या दुपारी पाठ कापसासारखी हलकी झाली, घरी जाऊन तिने गाणं म्हणत भांडी घासली. पुढे पाठ बरी झाली, पण हात थांबला नाही. उरलेलं पुरेना, तेव्हा पेशंटच्या वाट्याचं घेण्यापर्यंत मजल गेली. तिची जोडीदारीण होती, ठेंगणी, गोल चेहऱ्याची. सगळे तिला बुटकी म्हणायचे आणि हिला लंबू. दोघींची ड्यूटी कायम बरोबर. शेवटी बुटकीनेच एक दिवस तिथल्या मेट्रनकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यानंतर लंबू आणि बुटकी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

पुढच्या चार ठिकाणीही ‘कळवू’च झालं. सहावं एक लहानसं खाजगी हॉस्पिटल होतं. सासूबाई आदल्या दिवसापासून मागे लागल्या होत्या. “सांग, सासू अंथरुणाला खिळली होती, तिचं करत होते. त्यात खोटं काय? माझा गुडघा काय शोभेला आहे?”

ती नको नको म्हणत गेली आणि मुलाखतीत नेमकं तेच बोलली. मालक डॉक्टरांनी मानही वर केली नाही. “उद्यापासून या,” ते म्हणाले. घरी सासूबाईंनी तिच्या हातात गरम चहा दिला आणि “बघ, सासू कामाला आली की नाही?” म्हणून हसल्या. ती हसू शकली नाही.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मांडीचं हाड मोडलेला एक गवंडी ऑपरेशन होऊन बाहेर आला. वॉर्डची मोठी सिस्टर फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होती. तिने तसल्या औषधांच्या कपाटाची किल्ली हिच्या हातावर ठेवली, औषधाचं नाव आणि माप सांगितलं आणि पुन्हा फोनला लागली. नाही म्हणायची वेळ तीच होती, पण नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. तिने कपाट उघडलं. गवंड्याला जेवढं लिहिलं होतं तेवढं सगळं दिलं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मोकळ्या होताना पाहिल्या. सिरिंजमध्ये अर्धं उरलं.

“उरलंय,” तिने दारातून सांगितलं.

“टाक गं बेसिनमध्ये. सही करते मी नंतर.”

ती बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला. खोलीत कोणी नव्हतं. गंमत अशी, की कित्येक महिन्यांत न दुखलेली पाठ त्याच क्षणी दुखायला लागली. खोटं दुखणं नव्हतं ते, खरोखर कळ येत होती. पाणी वाहत होतं, ती सिरिंजकडे बघत होती. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मग तिने डोळे मिटले आणि दट्ट्या दाबला. औषध पाण्याबरोबर गेलं. तिने सिरिंज पुन्हा पाण्याने भरली, रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली.

जिन्यात बसून तिने ड्रायव्हरकाकांना फोन लावला. व्यसन सोडलेल्यांची दर आठवड्याला जी बैठक भरायची, तिथले ते सगळ्यांत जुने. आयुष्यभर बस चालवली, निम्मं आयुष्य दारू प्यायली, आणि आता दोन्ही सोडून दुसऱ्यांचे फोन घ्यायचे.

“टाकलंस ना?” काकांनी विचारलं.

“टाकलं.”

“मग रडतेस कशाला?”

“हात लगेच पुढे झाला नाही, काका. मी उभी राहिले होते तिथे.”

“उभी राहिलीस म्हणजे ब्रेक लागला. पण बाळ, रोज घाट उतरायचा आणि रोज ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा, हे चालत नाही. ब्रेक तापतात. तो रस्ताच सोड.”

ती उठली, चेहरा धुतला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

“हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतंत?”

माणूस प्रामाणिक होता. “नाही,” ते म्हणाले. “पण मग आज तरी का सांगताय?”

“कारण किल्ली अजून माझ्या खिशात आहे.”

तिने ती काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर किल्लीकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे. “ड्यूटी संपेपर्यंत थांबाल?” ते ओशाळून म्हणाले. “दुसरं कोणी नाही माझ्याकडे. कपाटाचं मोठ्या सिस्टर बघतील.” ती थांबली. गवंड्याचं पांघरूण नीट केलं, दोघांची ड्रेसिंग बदलली, एका आजोबांना भरवलं आणि संध्याकाळी नोकरी सोडून घरी आली.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. स्वतःशी मात्र मोठमोठ्याने बोलत होत्या. “कोणी विचारलं नव्हतं, कोणी बघितलं नव्हतं, आणि ही हरिश्चंद्राची नात!” तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “त्या बेसिनपाशी तुला भीती वाटली?”

“खूप.”

“मग बरं केलंस,” एवढंच म्हणून त्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या.

डायलिसिस सेंटरला माणसं हवी आहेत, हे काकांच्या बैठकीतच कोणीतरी सांगितलं. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोन-तीनदा तिथे येतात, चार-चार तास खुर्चीत पडून राहतात, यंत्र त्यांचं रक्त गाळून परत अंगात सोडतं. तिला ज्या औषधांपासून लांब राहायचं होतं, ती तिथे ठेवतच नसत. तिथल्या इन्चार्जबाई जेवणाचा डबा खातच मुलाखत घेत होत्या. मधल्या दीड वर्षांचा विषय त्यांनी काढायच्या आधी तिनेच काढला. बाईंचं जेवण थांबलं नाही.

“चोरून घ्यायचात?”

“हो.”

“पेशंटचं?”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. “एकदा. एका शिंप्याचं.”

इन्चार्जबाईंनी डब्याचं झाकण लावलं. “मला तुमच्याबरोबर तेव्हा काम केलेल्या माणसाशी बोलायचंय. तुमच्या बाजूचं कोणी नको. ज्याला तुमच्यामुळे त्रास झाला, असं कोणी. त्यांना म्हणावं, मला फोन करा. मग बघू.”

असं माणूस एकच होतं.

घरी येऊन तिने सांगितलं, “बुटकीकडे जावं लागणार.” सासूबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. बराच वेळ त्यांनी तिचं एकच टोक चाचपलं.

“ती आली होती,” शेवटी त्या म्हणाल्या.

“कोण?”

“तुझी बुटकी. तू तिकडे उपचाराला होतीस तेव्हा. संत्री घेऊन आली होती, तू कशी आहेस विचारायला. मी तिला दारात उभी केली नाही. म्हटलं, माझ्या सुनेला देशोधडीला लावून आता तोंड दाखवायला आलीस? आणि ती पिशवी फेकली जिन्यात. संत्री उड्या मारत गेली खालपर्यंत.”

“तुम्ही मला सांगितलं नाहीत, आई.”

“काय सांगायचं होतं? मुलगा निघून गेलेला, सून तिकडे. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. ती समोर आली.”

दीड वर्षं तिने मनात धरून ठेवलं होतं, की बुटकीने एकदासुद्धा विचारलं नाही. ती उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा सासूबाई चप्पल घालून, शाल घेऊन दारात उभ्या होत्या. “चल. मीपण येते.”

“तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.”

“असू दे. फेकायला हात होते ना, आता चढायला पाय नकोत?”

चढायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. प्रत्येक वळणावर त्या कठडा धरून थांबायच्या आणि भिंतीचा रंग उडालाय, दिवा बंद आहे, अशा तक्रारी करायच्या. दार उघडलं तेव्हा बुटकीच्या हातात अर्धा इस्त्री केलेला युनिफॉर्म होता. आधी तिची नजर वर, लंबूच्या चेहऱ्याकडे गेली, मग खाली सासूबाईंकडे. कोणी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “संत्री फेकली ती मी. चुकलं माझं. आता पाणी दे, नाहीतर इथेच पडेन.”

बुटकीचे ओठ थरथरले. ते रडू होतं की हसू, सांगणं कठीण. “त्यातलं एक खालच्या कुत्र्याने पळवलं होतं,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

सासूबाईंना पंख्याखाली बसवून त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या. तिने काम सांगितलं. बुटकी ओट्याला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने गॅस पेटवला, पुन्हा बंद केला.

“पहिला संशय कोणावर आला होता, माहितेय?” ती म्हणाली. “माझ्यावर. सही माझी होती ना सगळीकडे. तू म्हणायचीस, ‘टाकलं गं मी, कर सही,’ आणि मी न बघता करायची. आपली लंबू आहे, बघायचं काय?”

“माहीत नव्हतं मला.”

“तुला तेव्हा काहीच माहीत नसायचं. आणि तो शिंपी. औषध देऊनही इतका कसा कण्हतोय, म्हणून सगळे त्याला नाटकी म्हणत होते. मीही म्हणाले. ‘जरा सहन करायला शिका,’ असं दटावलं मी त्याला. त्याच्या वाट्याचं तुझ्या अंगात होतं, आणि मी त्याला दटावलं! मला अजून त्याचा चेहरा दिसतो, लंबे.”

पाठीचं कारण तिच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. “मी गेले होते त्यांच्या दुकानात,” ती म्हणाली. “थोड्या दिवसांपूर्वी. सांगितलं सगळं.”

“काय म्हणाला?”

“मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘मला इतके दिवस वाटत होतं, मीच नाजूक आहे.’ आणि पुढचं कापड घेतलं.”

बुटकीने डोळे पुसले, युनिफॉर्मच्याच बाहीला. मग तो चुरगळला म्हणून स्वतःवरच चिडली. “मी फोन करीन,” ती म्हणाली. “पण गोड गोड बोलणार नाही. विचारलं ते सगळं सांगेन. शिंप्याचंही.”

“सांग.”

“नोकरी गेली तर मला बोल लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

चहा झाला. सासूबाईंनी बुटकीला इस्त्री कशी गरम ठेवावी यावर दोन गोष्टी ऐकवल्या. निघताना कोणी कोणाला मिठी मारली नाही. दार मात्र बुटकीने त्या खालच्या वळणावर पोहोचेपर्यंत बंद केलं नाही.

इन्चार्जबाईंचा फोन आला तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

“तुमच्या मैत्रिणीने तुमची काही स्तुती केली नाही,” बाई म्हणाल्या. “अर्धा तास बोलत होती. मला वाटलं, कशाला हिचं नाव दिलं या बाईने! शेवटी मी तिला विचारलं, तुमच्या स्वतःच्या आईला इथे आणायची वेळ आली, तर हिच्या हातात द्याल का? ती इतका वेळ गप्प होती, की मला वाटलं फोन कट झाला.”

तिने दोरी घट्ट धरली.

“मग म्हणाली, ‘दिवसाची ड्यूटी असेल आणि शेजारी दुसरी नर्स असेल, तर हो. डोळे मिटून देईन.’ मला असं उत्तर आजवर कोणाबद्दल मिळालेलं नाही. मी दिवसाचीच ड्यूटी देते. शेजारी माणूस असेल. सहा महिने बघू. तपासणी द्यावी लागेल, कधीही, न सांगता. चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता आणि त्याचं पाणी पाठीवरून ओघळत होतं, ते तिला फोन ठेवल्यावर कळलं.

काम सोपं नव्हतं. इतक्या वर्षांची नर्स, पण या यंत्रापुढे नवशिकी. तिला शिकवायला दिलेली मुलगी वयाने तिच्या निम्मी, आणि कडक. नळ्या लावल्या की ती येऊन प्रत्येक जोड तपासायची, “ताई, हे परत करा,” म्हणायची. सुरुवातीला ते लागायचं. एकदा न कळवता लघवीच्या तपासणीची बाटली हातात दिली, तेही सगळ्यांसमोर. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की कोणीतरी आपल्यामागून तपासतंय, याने आता बरंच वाटतं. पूर्वी कोणी तपासत नव्हतं.

बुटकी आणि ती पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. फोन करतात कधीकधी, इकडचं तिकडचं बोलतात. मध्येच दोघी गप्प होतात, मग एक काहीतरी निमित्त काढते. सासूबाईंनी मात्र बुटकीला धरूनच ठेवलंय. गुडघा दाखवायच्या नावाखाली तिलाच बोलावतात. “घरची नर्स कामावर जाते हल्ली,” असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात.

सेंटरमध्ये खिडकीपाशी एक निवृत्त हेडमास्तर असतात. खुर्ची कडक आहे, पंखा जोरात आहे, पेपर शिळा आहे, काही ना काही चालूच. कोणत्याच नर्सशी त्यांचं पटत नाही. परवा त्यांचा रक्तदाब एकदम खाली आला, घाम फुटला. तिने खुर्ची आडवी केली, शेजारच्या मुलीला हाक मारली, दोघींनी मिळून यंत्र हळू केलं. थोड्या वेळाने त्यांचा रंग परत आला. डोळे उघडून त्यांनी आधी इकडे बघितलं, मग तिकडे.

“तुम्ही दोघी माझ्या डोक्याशी का उभ्या आहात?” ते म्हणाले. “मी काय शाळेच्या निरोपसमारंभाचं भाषण करतोय?”

“नाही सर,” ती म्हणाली. “झोपा तुम्ही.”

“झोपतो. पण हा हात जरा धरा. गार पडलाय.”

तिने स्टूल ओढून घेतलं आणि ते झोपेपर्यंत त्यांचा हात धरून बसली.